आप्पांचा कोविड आणि पुडीतला डेक्सा

खानापूरकर :
आमच्या आप्पांना परवापासून ताप आहे, घसा धरलाय. काल किटवर दोन रेघा आल्या. वय 71, साखर आहे. गावातल्या डॉक्टरांच्या पुडीत पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक आणि एक बारकी पांढरी गोळी आलीय, पाकिटावर डेक्सामेथासोन. ऑक्सिजन 97. आई म्हणायलीय, दिलंय तर घेऊ देत की. देऊ काय नको?

निपाणीचा औषधवाला :
ती पांढरी गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन लावा. 97 असताना हे स्टिरॉइड कशाला, एवढंच विचारा. 2020 साली ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत याच गोळीनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि ही गोळी त्याच्याशी लढणारी ताकदच दाबते. फुफ्फुसाची सूज नंतरची, गोळीचं काम तिथं. शिवाय साखर भडकणार. 2021 ला काळ्या बुरशीनं कुणाला गाठलं ते आठवा, बहुतेक साखरवालेच. तेव्हा लोक काउंटरवर चिठ्ठीशिवाय डेक्सा मागत होते, वर माझ्यावरच डाफरत होते.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. छातीत दुसरा जंतू वाटत असेल तर डॉक्टर सांगतील.

ऑक्सिमीटरचं नीट बघा. बोट गार असलं की आकडा चुकतो. हात चोळून ऊन करा, आकडा ठरेपर्यंत थांबा. मग आप्पांना सोप्यात सहा मिनिटं चालवा, सोबत कुणीतरी असू दे. तीनपेक्षा जास्त उतरला किंवा बसल्याजागी 94 च्या खाली गेला तर थेट दवाखाना. दम लागत नाही म्हणून थांबू नका, यात आकडा आधी पडतो. पहिला आठवडा सरताना जास्त लक्ष ठेवा.

वय आणि साखर बघता विषाणूविरोधी गोळ्यांचं आजच फिजिशियनला विचारा. त्यातली निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते. जाताना कोलेस्टेरॉल, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं न्या, काहींशी तिचं जमत नाही.

कागलची लेक, बेळगावची सून :
आणि आईंचं काय? खोलीची खिडकी उघडी ठेवा, ताट द्यायला जाताना एन-95 लावा म्हणावं. कर्नाटकच्या सीमेवर कोगनोळी नाक्यावर कोविडचे रिपोर्ट मागायचे तेव्हा आम्ही कागदाला जपलो, घरात मात्र दारं-खिडक्या लावून सगळे एकत्र.

खानापूरकर :
चालवलं, 96 राहिला. डॉक्टर म्हणाले डेक्सा काढा, लोक मागतात म्हणून पुडीत असतंय. फिजिशियनकडे बेळगावला निघालोय. आई विचारायलीय, पेज चालेल काय?

निपाणीचा औषधवाला :
चालेल की. गूळ नको.