जप्त मुद्देमालाची यादी लोकांसाठी जाहीर करणं पोलिसांवर बंधनकारक आहे का?

दुधाळीची_लेक (कोल्हापूर)

पोलिसांनी चोरांकडून काय काय जप्त केलं, त्यातलं किती मालकाला परत गेलं, किती लिलावात निघालं, किती सरकारजमा झालं, हे सामान्य माणसाला वाचता येईल असं कुठं लावायचा नियम आहे का? वर्षातून एकदा तरी? मी शिवणकाम करते, कायद्यातलं मला कळत नाही. पण हा प्रश्न तीन वर्षं डोक्यातून जात नाही.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ च्या वर गेलं होतं. आमचं घर दुधाळीत. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि मामाकडे उचगावला राहिलो. पाणी उतरल्यावर परत आलो तर घरभर गाळ, आणि माडीवरचं कपाट फोडलेलं. माडीवर पाणी पोचलंच नव्हतं. आईचा साज गेला होता. तिच्या सासूनं तिला घातलेला, एकवीस पानांचा. आम्ही फिर्याद दिली. त्यात गुजरीतल्या जुन्या पावतीवरून सोन्याचं वजन साडेतीन तोळे लिहिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भाचीच्या मोबाईलवर कुणीतरी एक जुना फोटो पाठवला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यानं टोळी पकडली होती, त्या वेळचा. टेबलावर हिरवं कापड, त्यावर दागिने मांडलेले, मागे अधिकारी उभे. आईनं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "ह्यो भुंगा माझा हाय." भुंग्याच्या पानाची एक कड वाकलेली होती, मी लहान असताना माझ्याच हातून. मी बघितली ती पटवेकऱ्याची गाठ. रेशमाचा गोंडा तुटला म्हणून २०१५ मध्ये मीच तो पटवून आणला होता.

फोटो फेब्रुवारी २०२१ चा निघाला. म्हणजे साज सापडून एकवीस महिने झाले होते, तासाभराच्या वाटेवर कपाटात होता, आणि आम्हाला पत्ता नाही. त्या ठाण्याला आमची फिर्याद माहीत नव्हती. आमच्या ठाण्याला त्यांची जप्ती माहीत नव्हती. नावं घेत नाही, कारण शेवटी त्याच माणसांनी मदत केली.

पुढे वकील, अर्ज, सरकारी वकिलांचा से (म्हणजे लेखी म्हणणं), तारखा. पंचनाम्यात वजन ४७ ग्रॅम होतं आणि आमच्या फिर्यादीत ३५, त्यावरच दोन तारखा गेल्या. पानांत लाख भरलेली असते, वर मणी आणि रेशीम, हे सोनाराकडून लिहून आणावं लागलं. जून २०२३ मध्ये बंधपत्रावर साज मिळाला. खटला संपेपर्यंत विकायचा नाही, मोडायचा नाही, पालटायचा नाही. आई तो सणाला घालते आणि संध्याकाळी पुसून ठेवते.

पण मला टोचतंय ते वेगळंच. तिथले कारकून आमचा नंबर शोधत होते तेव्हा मुद्देमाल रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. पानंच्या पानं. "पिवळ्या धातूची नथ, मोती सहा, एक मोती नाही. मालक अज्ञात." "पिवळ्या धातूच्या लहान बाळाच्या बिंदल्या, जोड. मालक अज्ञात." आमच्या साजाची नोंदही "पिवळ्या धातूचा हार" अशीच होती. साज हा शब्दच नाही.

परवा जानेवारीत पोलीस रेझिंग डेच्या आठवड्यात दागिने परत दिल्याचे फोटो पेपरात आले. बघून डोळे भरून आले, खरंच. पण ज्यांच्या घरी असा फोटो पोचलाच नाही, त्यांच्या बिंदल्यांचं काय झालं? हे कुणी जाहीर करतं का?

करवीर_वकील

ताई, सगळा हिशेब दरवर्षी लोकांपुढे मांडायला लावणारं एकच असं कलम आपल्याकडे नाही. तुकडे आहेत, आणि ते माहीत असलेले बरे.

तुमचं प्रकरण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालचं. तिच्या १०२ कलमाप्रमाणे पोलिसांनी जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब द्यायची. मालक माहीत नसेल तर ४५७ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी वस्तूंचं वर्णन देऊन उद्घोषणा, म्हणजे जाहीर सूचना, काढायची, आणि हक्क सांगायला सहा महिने मुदत. त्या मुदतीत कुणी आलं नाही आणि ज्याच्याकडे माल सापडला त्यालाही तो कायदेशीर मिळवल्याचं दाखवता आलं नाही, तर ४५८ खाली माल सरकारकडे जातो, विकता येतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमं १०६, ५०३ आणि ५०४ झाली.

म्हणजे तुम्ही विचारताय त्याचं बीज कायद्यात आहे. उद्घोषणा ही लोकांसाठीच असते. पण ती कुठं आणि कशी पोचवायची, हे कलमात बांधून दिलेलं नाही. कोर्टाच्या फलकावर कागद लागला, काम झालं. दुधाळीतली बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाचा फलक कधी वाचणार?

नव्या संहितेत दोन गोष्टी चांगल्या आल्यात. १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं. ४९७ प्रमाणे माल कोर्टापुढे आला की चौदा दिवसांत त्याचं विवरण तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा, आणि विवरण झाल्यावर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. हे सगळं फायलीत राहतं, लोकांपुढे ठेवा असं तिथंही म्हटलेलं नाही. १०७ कलम गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेचं: कोर्टानं आदेश दिला की जिल्हाधिकाऱ्यांनी ती साठ दिवसांत बाधितांना वाटायची, आणि दावेदार नसेल किंवा वाटून उरलं तर सरकारजमा. मला त्यातच सगळ्यात जास्त काळजी वाटते. दावेदाराला कळलंच नाही, तर तो "नाही" असाच धरला जाणार.

१ ऑक्टोबर २००२ ला सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगून ठेवलंय की दागिने असोत की गाड्या, पंचनामा करा, फोटो घ्या, बंधपत्र घ्या आणि लवकर परत द्या, ठाण्यात कुजवू नका. मी प्रत्येक अर्जात तो निकाल जोडतो. दंडाधिकाऱ्यांनी नाकारलं तर कसबा बावड्यात सत्र न्यायालय आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. याद्या जाहीर करा अशी मागणी घेऊन रिट करायची तर आता मुंबईची एसटी धरायला नको.

निवृत्त_हवालदार

ताई, मी सात वर्षं मुद्देमाल कारकून होतो. तुमचं वाचून रात्री झोप लागली न्हाई.

"पिवळ्या धातूचा" का लिहितात ते सांगतो. पंचनाम्याच्या वेळी सोनं हाय का बेंटेक्स, आम्ही ठरवू शकत न्हाई. सोनं म्हणून लिहिलं आणि उद्या खोटं निघालं तर खरं सोनं कारकुनानंच बदललं असा आरोप येतो. म्हणून रंग लिहायचा, वजन लिहायचं, सील करायचं, लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर टाकायचा. पण तुमचं बरोबर हाय, दागिन्याचं नाव लिहायला कुणी अडवलं न्हाई. साज, चिंचपेटी, बोरमाळ, पुतळ्या, हे आपल्याकडं कुठलीबी बाई एका नजरेत सांगते. पंचांत एखादी बाई असती तर निम्मी रजिस्टरं सुधारली असती, असं मला आता वाटतंय.

दुसरं. चार्ज बदलताना नवा माणूस सगळा माल मोजून घेतो. म्हणजे यादी दरवेळी नव्यानं तयार होते. ती बाहेर लावा असं मला कधी कुणी सांगितलं न्हाई, आणि मीबी कधी विचारलं न्हाई.

एक मात्र ध्यानात ठेवा. यादी लावायची तर सगळी खूण लावायची न्हाई. "साज, एकूण वजन ४७ ग्रॅम, अमुक महिन्यात जप्त" एवढं बास. वाकलेला भुंगा आणि गोंड्याची गाठ लपवून ठेवायची. न्हाईतर एका साजाला दहा मालक उभे राहतात. त्या नथीचं बघा, सहा मोती आणि एक गळालेला, हे तुम्ही इथं लिहून बसलाय. आता ती खूण कामाची राहिली न्हाई.

दुधाळीची_लेक

काका, चुकलं माझं. हे ध्यानातच आलं नाही. आता खोडलं तरी लोकांनी वाचलंय. वजन मी लिहिलं नाही, तेवढं तरी राहिलंय.

इचलकरंजीकर

माहितीचा अधिकार वापरा. मी गाड्यांसाठी वापरला होता.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "का" असं विचारू नका, "का"चं उत्तर देत नाहीत. रजिस्टरमध्ये असलेलंच मागा: अमुक वर्षात किती नोंदी, किती परत, किती लिलावात, लिलावाची रक्कम कोणत्या चलनानं कधी भरली, किती शिल्लक. तीस दिवस वाट बघा, मग पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर पुण्याचं माहिती आयोगाचं खंडपीठ.

दोन नकार नक्की येतील. पहिला, "तपासात बाधा", कलम ८(१)(ज). त्यावर दिल्ली हायकोर्टाचा २००७ चा भगतसिंग प्रकरणातला निकाल सांगा: तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही, बाधा कशी येते ते दाखवावं लागतं. दुसरा नकार, "माहिती गोळा करायला फार मनुष्यबळ लागेल", कलम ७(९). ते कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची एवढ्यापुरतं आहे. त्यावर सरळ अभिलेख पाहणी मागा, आणि स्वतः जाऊन मोजा. मी वही घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी खुर्ची मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी चहा मिळाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात चोरीला गेलेल्या आणि परत मिळालेल्या मालमत्तेची किंमत राज्यवार येते. त्यावरून राज्याची टक्केवारी कळते. बिंदल्या कुणाच्या, हे कळत नाही. तुमच्या कामाचा तो कागद नाही.

रंकाळ्यापासून_दूर

मी मूळची मंगळवार पेठेतली, आता अमेरिकेत मिनेसोटात. इथं पोलिसांनी कायमची सरकारजमा केलेली प्रत्येक वस्तू राज्याच्या लेखापरीक्षकाला कळवावी लागते, आणि तो कार्यालयप्रमाणे वार्षिक अहवाल छापतो. घरी बसून वाचता येतो. पण त्यामागचं कारण वेगळं आहे. इथं अशा विक्रीच्या पैशातला मोठा वाटा पोलीस खात्यालाच मिळतो, म्हणून लोकांचं लक्ष पैशावर असतं. आपल्याकडे पैसा सरकारी तिजोरीत जातो, त्यामुळे त्या पैशाकडे कुणी बघत नसावं. ताईंना हवी आहे ती मालकाला शोधणारी यादी. इथला अहवाल तसा नाही, आकड्यांचा नमुना म्हणून मात्र उपयोगी पडेल.

दुधाळीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून अर्ज लिहिला. शब्द मोजले, एकशे अठरा. २०२० ते २०२५, वर्षवार: एकूण नोंदी, मालकाला परत, लिलाव, सरकारजमा, शिल्लक. "मालक अज्ञात" अशा नोंदी किती. त्यांपैकी किती नोंदींसाठी उद्घोषणा निघाली, त्यांच्या तारखा, आणि ती कुठं लावली. माहिती देणं शक्य नसल्यास रजिस्टरची पाहणी करू द्यावी. काकांचं ऐकून एकाही दागिन्याचं वर्णन घातलं नाही.

आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, पाहणीला मलाबी ने, मला दागिने वळखतात. गुडघ्यांमुळे ती अंबाबाईच्या देवळातसुद्धा रिक्षानं जाते, पण यायचं म्हणते.

स्टॅम्प लावून आज स्पीड पोस्टनं पाठवला. पावती शिलाई मशीनच्या खणात ठेवली आहे. तीस दिवसांनी काय होतं ते इथंच लिहीन. वकीलदादा, पहिल्या अपिलाचा नमुना असेल तर आत्ताच टाकून ठेवाल का?