चॅटवरच्या माणसाशी 'ओळख' आहे म्हणायचं का?

परवा आईला सहज म्हटलं की अमुक माझ्या चांगल्या ओळखीची आहे, तर लगेच विचारलं, "कुठे भेटलीस तिला?" भेटले कुठेच नाही, तीन वर्षं चॅटवर बोलतोय, आणि बोलतोय तरी कसलं, टाइपच करतोय की. अशा माणसासाठी नेमका शब्द काय? परिचय? तोंडओळख?

— तोंडओळख कशी असेल, तोंडच बघितलं नाहीये :-) (ह. घ्या., म्हणजे हलके घ्या) खरं तर सगळं उलटंच आहे. तोंडओळखीत चेहरा माहीत असतो, जाता-येता मान हलवायची, बाकी कधीकधी नावसुद्धा ठाऊक नसतं. इथे तिच्या मायग्रेनपासून सासूपर्यंत सगळं माहीत पण समोरून गेली तर कळायचं नाही.

— ओळखणे हे लक्ष् धातूवरून, म्हणजे बघणं, खुणेवरून जाणणं. आता खूण काय चेहऱ्याचीच पाहिजे असं थोडीच आहे. मला एक जण प्रत्येक वाक्यानंतर दोन टिंबं देतो, नाव झाकलं तरी मेसेज त्याचाच हे कळतं. तेव्हा 'ओळख' बिनधास्त चालेल. 'घसट' नाही चालणार, त्यात घासणं आलं, आणि घरोबा घराशिवाय कसा होणार.

— घसटबद्दल +१. एकाशी वर्षभर रोज लिहायचो, इतका हजरजबाबी की बास. भेटलो तर पठ्ठ्या तासभर पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसला, मी आपला विचारतोय आणि हा हं, हं. घरी पोचायच्या आत भलामोठा मेसेज, त्यात सगळ्या प्रश्नांची उत्तरं!! आता यातल्या कुठल्याला मी ओळखतो?

— जरा अवांतर, वर ते 'ह. घ्या.' आलंय ना, समोरासमोर ते म्हणावं लागत नाही, डोळा मिचकावला की झालं. १९८२ मध्ये स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने :-) सुचवलं तेही याचसाठी, विनोद कुठला ते लिहिलेल्यावरून कळेना म्हणून.

— मी 'अक्षरओळख' सुचवते. पत्रमैत्री जवळचा आहे, पण पत्रात निदान हस्ताक्षर तरी दिसायचं, इथे सगळ्यांचा फाँट एकच.

— धागाकर्ती: अक्षरओळख भारी आवडला, लगेच आईला सांगितलं की आमची अक्षरओळख आहे. म्हणाली, "म्हणजे ती पहिलीत आहे का?"