शब्दचर्चा : ‘जंपिंग द शार्क’ला मराठीत काय म्हणावं? (‘हॅपी डेज’च्या उत्तम भागांच्या निमित्ताने)

‘हॅपी डेज’ या अमेरिकी मालिकेतल्या उत्तम भागांवर मराठीत लिहायला घेतलंय आणि काही शब्दांपाशी अडले आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५० च्या दशकातलं मिलवॉकी शहर, रिची कनिंगहॅम हा सरळमार्गी मुलगा, पॉट्सी आणि राल्फ हे त्याचे मित्र, आणि चामड्याचं जाकीट घालून मोटरसायकलवर फिरणारा फॉन्झी. मालिका एबीसी वाहिनीवर १९७४ ते १९८४ चालली.

माझे प्रश्न असे. ‘जंप द शार्क’, म्हणजे मालिकेने काहीतरी अचाट करून घसरणीला लागणं, हा वाक्प्रचार या मालिकेतूनच आला, पण मराठीत तो नेमका कसा आणायचा? ‘एपिसोड’ आणि ‘पार्ट’ दोन्हींना ‘भाग’ म्हटलं की गोंधळ होतो, तो कसा टाळायचा? ‘नॉस्टॅल्जिक’साठी स्मरणरंजन बरं की गतकातरता? आणि ‘नर्ड’चं काय करावं?

*

पहिल्या प्रश्नापुरतं बोलते. आपल्याकडे तयार शब्द आहे, ‘पाणी घालणे’. मालिकेत पाणी घातलं म्हटलं की कुणालाही समजतं. नाहीतर ‘ताणणे’, ‘दळण’, ‘चऱ्हाट’ आहेतच. नवा शब्द घडवायची गरज काय?

*

‘पाणी घालणे’ इथे चालणार नाही, आणि का ते मूळ प्रसंग पाहिला की कळतं. तो प्रसंग नीट सांगतो, कारण या वाक्प्रचाराबद्दल बोलणाऱ्या बहुतेकांनी तो भाग पाहिलेला नसतो.

पाचव्या हंगामाच्या सुरुवातीला ‘हॉलिवूड’ नावाची तीन भागांची कथा आहे. तिसरा भाग २० सप्टेंबर १९७७ ला दाखवला गेला. फॉन्झीला सिनेमात घेता येईल का हे पाहण्यासाठी त्याला कॅलिफोर्नियात बोलावलेलं असतं आणि सगळी मंडळी त्याच्याबरोबर येतात. तिथला एक स्थानिक पोरगा त्याला डिवचतो. पैजेपायी फॉन्झी पाण्यावरच्या स्कीवर उभा राहतो, रिची बोट चालवतो, आणि जाळ्याने बंदिस्त केलेल्या शार्कच्या वरून फॉन्झी उडी मारून जातो. अंगात पोहायची चड्डी आणि वर तेच चामड्याचं जाकीट. फॉन्झीचं काम करणाऱ्या हेन्री विंक्लरला पाण्यावरचं स्कीइंग चांगलं येत होतं, त्यामुळे स्की करतानाची दृश्यं त्याने स्वतः दिली. उडी मात्र दुसऱ्याने मारली.

आता सांगा, यात पाणी कुठे घातलंय? (समुद्राचं सोडून.) पाणी घालणं म्हणजे मुळातलं थोडं पुरवून पुरवून वापरणं: एकच संवाद तीन दिवस चालणं, एका जिन्यावरून उतरायला अख्खा भाग लागणं. शार्कवरची उडी याच्या अगदी उलट आहे. तिथे काहीतरी जास्तीचं आणून टाकलंय, आणि ते या गोष्टीतलं नाही. मिलवॉकी हे तळ्याकाठचं शहर. तिथली मुलं आर्नोल्ड्स या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर बसून मुलींना फोन कसा करायचा यावर खल करतात. त्यांच्या जगात शार्क नाही. तो लेखकांनी बाहेरून आणला. या वाक्प्रचाराचा गाभा हा आहे: कथेला तिच्या स्वभावाबाहेरचं काहीतरी अचाट करायला लावणं, आणि त्या क्षणी ‘आता यांच्याकडे सांगायला काही उरलं नाही’ हे प्रेक्षकाच्या लक्षात येणं.

‘क्षणी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ‘उतरती कळा लागणे’ ही प्रक्रिया आहे, तिला वर्षं लागतात. ‘जंप द शार्क’मध्ये बोट ठेवून दाखवता येईल असा एक प्रसंग लागतो. कोणता प्रसंग ते सांगता येत नसेल तर हा वाक्प्रचार वापरूच नये.

*

‘ताळतंत्र सोडणे’?

*

जवळ जातं. पण ताळतंत्र माणसं सोडतात, आणि त्यात बेफिकिरी येते. शार्कवाल्या लेखकांना फिकीर होती. प्रेक्षक टिकावेत म्हणूनच तर त्यांनी तो घाट घातला.

मला ‘अति झालं आणि हसू आलं’ ही म्हण अर्थाने सगळ्यात जवळची वाटते. तिच्यात मर्यादा ओलांडण्याचा क्षण आहे आणि बघणाऱ्याची प्रतिक्रियाही आहे. अडचण एवढीच की ती पूर्ण वाक्य आहे. ‘या मालिकेने तिसऱ्या हंगामात...’ अशी सुरुवात करून पुढे ती लावता येत नाही. क्रियापद हवं असेल तर सरळ ‘शार्कवरून उडी मारणे’ म्हणावं, आणि लेखात पहिल्यांदा येईल तिथे प्रसंग दोन ओळींत सांगावा. मराठीने परक्या कथांमधून आलेले वाक्प्रचार याआधीही पचवलेत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट इसापाचीच ना?

*

हा वाक्प्रचार त्याच काळात तयार झाला का? की मागाहून?

*

मागाहून. १९८५ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात जॉन हाइन आणि त्याचे मित्र आवडत्या मालिका नेमक्या कधी बिघडल्या याबद्दल गप्पा मारत होते, तेव्हा त्याच्या खोलीतल्या मित्राच्या तोंडून तो निघाला. हाइनने १९९७ मध्ये याच नावाचं संकेतस्थळ काढलं आणि तिथून तो सगळीकडे गेला. आता राजकारणी, कंपन्या, खेळाडू कुणाबद्दलही वापरतात.

पण ज्या कारणासाठी मी या चर्चेत आलो ते सांगतो. या वाक्प्रचाराचा अर्थ चोख आहे, मात्र ‘हॅपी डेज’ला तो लागू पडत नाही. आणि तुम्ही उत्तम भागांवर लिहिणार असाल तर हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचक पाचव्या हंगामाच्या सुरुवातीलाच मालिका सोडून देईल. तो भाग तीन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला होता. तो लिहिणाऱ्या फ्रेड फॉक्स धाकट्याने २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये लेख लिहून आपली बाजू मांडली. मालिका त्यानंतर आणखी सहा हंगाम चालली. पण आकडे बाजूला ठेवू. मुद्दा भागांचा आहे, आणि मालिकेतले माझ्या मते दोन फार महत्त्वाचे भाग शार्कनंतर, त्याच हंगामात येतात.

एक, ‘रिची ऑलमोस्ट डाइज’, १९७८. रिची मोटरसायकल घेतो, अपघात होतो, तो बेशुद्ध पडतो. फॉन्झी, ज्याच्या अंगठ्याच्या इशाऱ्यावर सगळं चालतं, ज्याने एक ठोसा मारला की गाण्याचं यंत्र सुरू होतं, तो रुग्णालयात रिचीच्या खाटेशी येऊन देवाची प्रार्थना करतो आणि रडतो. इथे कुठलीच करामत चालणार नाही हे त्याला कळलंय आणि आपल्यालाही कळतं. विंक्लरचा चेहरा त्या दृश्यात पाहा. फॉन्झी हे पात्र म्हणजे नुसतं जाकीट आणि ‘एऽऽ’ नाही, याचा एवढा एकच पुरावा मला पुरतो.

दुसरा ‘हार्ड कव्हर’. यात फॉन्झी वाचनालयाचं ओळखपत्र काढतो. गोष्ट एवढीशीच, पण वाचनालयात जाणं हे फक्त गबाळ्या मुलांचं काम नाही, ते ‘कूल’ माणसाचंही असू शकतं, हे १९७७ मध्ये कोट्यवधी पोरांना फॉन्झीकडून ऐकायला मिळालं.

*

आणि मॉर्क?

*

‘माय फेवरिट ऑर्कन’, तोही पाचवा हंगाम, फेब्रुवारी १९७८. रिचीला न्यायला परग्रहावरचा मॉर्क येतो. मॉर्कचं काम करणाऱ्या रॉबिन विल्यम्सला त्या एका भागातून अमेरिका ओळखू लागली आणि त्याच वर्षी त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली.

शब्दचर्चेच्या दृष्टीने हा भाग मला मोलाचा वाटतो, कारण शार्क बाहेरचा म्हणून नको असेल तर परग्रहवासी कसा चालतो, हा प्रश्न तो उभा करतो. माझं उत्तर: मॉर्क रिचीच्या जगात येऊन त्या जगाकडेच बघतो. तो चकित होतो ते कनिंगहॅमांच्या घराने, त्यांच्या बोलण्याने, फॉन्झीने. शार्क कुणाकडेही बघत नाही. त्यामुळे कथेत अचाट काही आलं म्हणजे लगेच ‘शार्क’ झालं, असा अर्थ लावू नये. आलेल्या अचाट गोष्टीने आपल्या माणसांबद्दल नवं काही सांगितलं का, एवढंच पाहावं.

याच कसोटीवर ‘फिअरलेस फॉन्झरेली’ घ्या, १९७५, म्हणजे शार्कच्या दोन वर्षं आधी. त्यातही उडीच आहे! फॉन्झी मोटरसायकलवरून चौदा कचऱ्याच्या डब्यांवरून उडी मारतो, तीही टीव्हीवाल्यांसमोर, आर्नोल्ड्सच्याच अंगणात. त्याला भीती वाटत असते की आपला दबदबा ओसरतोय. उडी पार होते, पण उतरताना तो कोसळतो आणि जखमी होतो. पुढचा सगळा भाग, ज्याला कुणाची मदत घ्यायची सवय नाही अशा माणसाच्या लंगडण्याचा आहे. उडी तीच, माणूस तोच. पण इथे ती उडी त्याच्या आतल्या भीतीतून येते आणि तिची किंमत तो मोजतो. शार्कवरून गेल्यावर त्याला साधं खरचटतही नाही. तुम्ही यादी करणार असाल तर हे दोन भाग शेजारीशेजारी ठेवा. वाक्प्रचाराचा अर्थ कोशापेक्षा तिथे जास्त नीट समजेल.

*

हे पटलं. ‘पाणी घालणे’ मागे घेत नाही, ते दुसऱ्या दुखण्याचं नाव आहे एवढंच. याच्या उलट काही आहे का? म्हणजे मालिका जिथून चांगली होऊ लागते तो क्षण?

*

इंग्रजीत ‘ग्रोइंग द बिअर्ड’ म्हणतात. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतल्या रायकर या पात्राने दुसऱ्या हंगामात दाढी ठेवली आणि तिथून मालिका सुधारली, असं चाहत्यांचं म्हणणं, त्यावरून. मराठीत ‘सूर सापडणे’ किंवा ‘सूर गवसणे’ इतकं नेमकं आहे की दाढी आणायचं कारण नाही. ‘हॅपी डेज’ला सूर सापडला तो तिसऱ्या हंगामात. पहिले दोन हंगाम एका कॅमेऱ्याने, सिनेमासारखे चित्रित केले होते, हशा नंतर जोडलेला. तिसऱ्या हंगामापासून स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवून, अनेक कॅमेऱ्यांनी काम होऊ लागलं. फॉन्झी दारातून आत आला की जी टाळ्यांची झड उठते, ती तेव्हापासूनची. दुसऱ्या हंगामात ‘फॉन्झी गेट्स मॅरीड’ हा भाग प्रयोग म्हणून तसा केला होता. मला स्वतःला पहिल्या दोन हंगामांचा शांतपणा जास्त आवडतो, पण मालिका लोकांची झाली ती या बदलानंतर, हे खरं.

*

बाकीच्या शब्दांबद्दल:

‘भाग’चा गोंधळ टाळायला ‘सीझन’ला हंगाम किंवा पर्व, ‘एपिसोड’ला भाग, आणि एकच गोष्ट अनेक भागांत असेल तर ‘पूर्वार्ध, उत्तरार्ध’ किंवा ‘तीन भागांची कथा’. ‘हॉलिवूड : ३’ असा आकडा शीर्षकात ठेवला की झालं.

‘नर्ड’ हा शब्द मालिकेने घडवलेला नाही, १९५१ मध्ये न्यूजवीकने तो डेट्रॉइटमधल्या मुलांच्या बोलीत नोंदवलेला आहे. पण घराघरांत पोचवला तो ‘हॅपी डेज’ने. तिथे त्याचा अर्थ आजच्यासारखा ‘संगणकातला किडा’ असा नाही, ‘बावळट, गबाळा’ असा आहे. म्हणून ‘पुस्तकी किडा’ लिहू नका, संदर्भ चुकेल. ‘बावळ्या’ चालेल. मालिकेतली पोरं एकमेकांना ‘सिट ऑन इट’ म्हणून उडवून लावतात, त्याला ‘बस गप’ पुरेसं आहे. मालिका घरच्यांसोबत बघायची, त्यामुळे पोरांच्या तोंडी शिवी देता येत नव्हती. मराठीतही तो शब्द शिवीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबणाराच हवा.

*

चककडे कुणाचं लक्ष गेलं नाही वाटतं. रिचीचा थोरला भाऊ. बास्केटबॉल खेळायचा. दुसऱ्या हंगामानंतर दिसेनासा झाला आणि घरात पुन्हा कुणी त्याचं नावही काढलं नाही. निरोपाच्या भागात वडील हॉवर्ड आपल्या दोन्ही मुलांची लग्नं झाली म्हणून समाधान व्यक्त करतात, म्हणजे रिची आणि त्याची बहीण जोनी. यावरून ‘चक कनिंगहॅम सिंड्रोम’ असा शब्दच पडला. यासाठी मराठीत ‘अंतर्धान पावणे’ अतिशय चपखल आहे, कारण त्यात जाण्याचं कारण विचारायची सोयच नसते.

*

सगळ्यांचे आभार. आता फक्त स्मरणरंजन आणि गतकातरता राहिलं.

*

‘हॅपी डेज’साठी स्मरणरंजन, निःशंकपणे. ‘नॉस्टॅल्जिया’ १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला तो रोगाचं नाव म्हणून, ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या ग्रीक शब्दांवरून. गतकातरतेत ती वेदना टिकून आहे. १९७४ च्या प्रेक्षकाला ही मालिका जी वीसेक वर्षांपूर्वीची दुनिया दाखवत होती, तिच्यात वेदना जवळजवळ नाही, रंजन आहे. पुढे १९९८ मध्ये ‘दॅट सेव्हन्टीज शो’ने हेच केलं: पुन्हा विस्कॉन्सिन राज्य, पुन्हा पोरांचा कंपू, पुन्हा वीसेक वर्षं मागे.

तरी तुमच्या यादीत एका ठिकाणी गतकातर लिहायला जागा ठेवा. सातव्या हंगामानंतर रिचीचं काम करणारा रॉन हॉवर्ड मालिका सोडून दिग्दर्शनाकडे वळला, रिची सैन्यात गेला असं दाखवलं. त्यानंतरच्या भागांत जेवणाच्या टेबलाशी वडील हॉवर्ड, आई मॅरियन, जोनी आणि फॉन्झी बसतात, विनोदही होतात, पण ज्याच्या डोळ्यांनी आपण हे घर पाहायला शिकलो तो तिथे नसतो. त्या भागांना ‘स्मरणरंजन’ म्हणवत नाही.