बाग जमते, कुंपणापलीकडचं रान जमत नाही. निसर्गचित्रं काढणाऱ्यांनी मदत करा

अबोली_

नमस्कार मंडळी. सिडनीच्या उत्तरेला, हॉर्न्सबीच्या जरा पुढे राहते. मागचं कुंपण संपलं की थेट बेरोरा व्हॅली नॅशनल पार्कचं रान. मध्ये रस्ता नाही, घर नाही. आधीच्या मालकीणबाईंनी बाग फार हौसेने केलेली: कॅमेलिया, अझेलिया, कोपऱ्यात एक जुना जॅकरँडा. मी जलरंग आणि ग्वाश (अपारदर्शक जलरंग) वापरते, बहुतेक वेळा मागच्या व्हरांड्यात बसून.

बागेची चित्रं बरी होतात. कॅमेलियाचं झाड कागदावर उभं राहतं, त्याला वजन येतं. पण त्याच चित्रात मागचं रान आलं की सगळा चिखल. एकाच उंचीची, एकाच रंगाची शेवाळी भिंत. इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून सॅप ग्रीनची सवय, तो लावला तर रान प्लॅस्टिकचं दिसतं. नाही लावला तर राखेचं. शिवाय नजर कुठे थांबवायची तेच कळत नाही. बागेत निदान एखादं फूल, एखादी कुंडी असते. रानात नुसत्या काड्या आणि पानं.

दोन प्रश्न: हे रान रंगवायचं कसं? आणि बाग व रान एकाच चित्रात भांडण न करता बसतील का? तैलरंग सुचवू नका, घरात वास चालत नाही.

भटकी_मांजर

छान धागा. फोटो टाका की चित्रांचे! सॅप ग्रीन मात्र आजच कुणाला तरी देऊन टाका. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर, त्यात कणभर बर्न्ट सिएना, एवढ्यावर इथल्या निम्म्या झाडांचं भागतं. काळ्यात लेमन यलो घालून पाहा, काय सुंदर ऑलिव्ह येतो! आमचे सर काळ्या रंगाला हात लावू द्यायचे नाहीत, ते इथे आले असते तर त्यांनीही लावला असता.

जुना_ईझल

अबोली, रंगाकडे नंतर येऊ. आधी सांग, हे कुंपण घराच्या कोणत्या दिशेला आहे?

अबोली_

दक्षिणेला. का बरं?

जुना_ईझल

वाटलंच. अगं, आपण सूर्य दक्षिणेकडून जाताना बघत मोठे झालो. इथे तो उत्तरेकडून जातो. तू व्हरांड्यात बसून दक्षिणेला तोंड करतेस, म्हणजे जवळजवळ दिवसभर ऊन तुझ्या पाठीवर आणि रानाच्या थेट तोंडावर. वस्तूच्या तोंडावर उजेड पडला की सावल्या तिच्या मागे लपतात. तुला दिसतेय ती शेवाळी भिंत तुझ्या रंगांनी केलेली नाही, ती तिथे खरोखरच आहे. तू इमानदारीत जे दिसतंय तेच रंगवतेयस.

मग त्याच उजेडात कॅमेलिया का जमतो? कारण त्याची पानं रुंद, आडवी, एकावर एक. वरचं पान खालच्यावर सावली टाकतं, झाडाच्या पोटात अंधार साठतो. तो अंधार काढला की झाड उभं राहतं. गमची, म्हणजे इथल्या निलगिरीच्या जातीच्या झाडांची, पानं तशी नसतात. पूर्ण वाढलेली पानं देठातून खाली लोंबतात, त्यांची कड सूर्याकडे असते. भर दुपारी ऊन पानांना जेमतेम चाटून सरळ जमिनीवर उतरतं. गमच्या झाडाखाली बसून सावली मिळत नाही म्हणून आपले पाहुणे कुरकुरतात ना, तेच तुझ्या चित्राचं दुखणं आहे. झाडाच्या पोटात अंधार नाही, आणि तू सवयीने तो शोधतेस. सापडला नाही की सगळीकडे मधला टोन भरून टाकतेस.

उपाय सोपा आहे, त्यासाठी फक्त उठावं लागेल. कुंपणाला फाटक असेल किंवा मागून फायर ट्रेल (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीची कच्ची वाट) जात असेल तर रानाच्या कडेला जाऊन बस आणि उत्तरेकडे, म्हणजे स्वतःच्या घराकडे तोंड कर. आता सूर्य समोर. खोडं काळपट उभी, पानांचे झुपके कडेने पेटलेले, आणि त्यांच्यामधून पलीकडे तुझी बाग उजेडात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळेल, पण ते तुझं तूच बघ.

जूनमध्ये तर सिडनीत भर दुपारीही सूर्य जेमतेम ३३-३४ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे हा समोरचा उजेड सकाळी दहापासून तीनपर्यंत मिळतो. व्हरांडा सोडवतच नसेल तर डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी बस. तेव्हा सूर्य नैऋत्येला मावळतो, म्हणजे तुझ्या उजव्या हाताला, किंचित समोर. तासभरच टिकतो, पण रानाला कड येते.

जाताना पँट मोज्यात खोच, आल्यावर केसांत आणि कानामागे बघ. या पट्ट्यात पॅरॅलिसिस टिक असते, म्हणजे जिच्या चावण्याने लकवा होऊ शकतो अशी गोचीड. कौतुकाची गोष्ट नाही.

बी_बियाणे

मी चित्रकार नाही, झाडांचा माणूस आहे, पण राहवलं नाही. "एकाच रंगाचं रान" हे वाक्य टोचलं.

ताई, तुमच्या कुंपणाजवळ गुलाबी-करडं, वेडंवाकडं, गुळगुळीत खोड असलेलं झाड आहे का? असणारच. ती अँगोफोरा कोस्टाटा, इथले लोक तिला सिडनी रेड गम म्हणतात. खरं तर ती युकॅलिप्टस नव्हे, जवळची नातेवाईक. वसंत सरता सरता ती जुनी साल टाकते आणि आतून अक्षरशः केशरी खोड बाहेर येतं. काही आठवडेच, मग ते हळूहळू विटत करडं होतं. त्या दिवसांत तिला कुणी "एकरंगी" म्हणून दाखवावं. खोडाचा तळ बघा: फांदी जिथे फुटते तिथे मांसासारख्या वळ्या पडतात, आणि मुळं सँडस्टोनच्या फटीवरून ओघळल्यासारखी पसरतात. दगड कुठला आणि खोड कुठलं ते पटकन कळत नाही.

दुसरी स्क्रिब्ली गम. पांढऱ्या खोडावर नागमोडी रेघा असतात ना, त्या एका पतंगाच्या अळ्यांनी केलेल्या. अळी जुन्या आणि नव्या सालीच्या मधून पोखरत जाते, जुनी साल गळली की रेघ उघडी पडते. आणि कोवळी पालवी बघाच. बऱ्याच गमची ती तांबूस असते. लांबून शेंडे हिरवे नाहीत, तांबडट दिसतात.

नॅशनल पार्कातून फांदी, साल, फूल काही घरी आणू नका, मनाई आहे. चित्र मात्र हवं तेवढं काढा.

जुना_ईझल

बी_बियाणे, वा. तांबड्या शेंड्यांचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, आणि रंगाच्या दृष्टीने तोच सगळ्यात उपयोगी. अबोली, कागद किंवा बोर्ड आधी पातळ बर्न्ट सिएनाने रंगवून घे. वाळू दे. त्यावर ग्वाशने करडा-हिरवा असा टाक की मधून मधून खालचा तांबडा डोकावत राहील. हिरवा आपोआप मवाळ होतो, आणि पानापानाला लाल लावत बसावं लागत नाही. ग्वाशचा हलका रंग वाळल्यावर गडद होतो आणि गडद रंग फिका पडतो, तेव्हा एका चिठोऱ्यावर वाळवून बघ.

"नजर कुठे थांबवायची" हा प्रश्न राहिला. तो तुझा एकटीचा नाही. फ्रेड विल्यम्स (१९२७-१९८२) नावाचा मेलबर्नचा चित्रकार होता. लंडनला काही वर्षं राहून १९५६-५७ च्या सुमारास परत आला आणि त्याच गोष्टीवर अडला: या प्रदेशात नजर खिळवणारी जागाच नाही. डोंगर-नदी-झोपडी असा ठरलेला बेत इथे बसत नाही. मग त्याने ती जागा शोधणं सोडून दिलं. यू यँग्जच्या टेकड्यांची त्याची चित्रं बघ: जमीन समोर उचलून उभी केल्यासारखी, क्षितिज कधी अगदी वर, कधी गायबच, आणि झाडं म्हणजे रंगाचे ठिपके, गाठी, ओरखडे. लांबून वाटतं सहज शिंपडलेत. जवळ गेलं की एकेका ठिपक्यात तीन-चार रंग, एक कड धारदार, दुसरी पुसट. नजर एका जागी थांबत नाही, ती ठिपक्यावरून ठिपक्यावर जाते. तो बाहेर ग्वाशमध्ये करायचा आणि मग स्टुडिओत तैलरंगात मोठं चित्र. म्हणजे तुझंच माध्यम. पुढे मेलबर्नजवळच्या अपवेला, डँडेनाँग डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेला, तिथे घराभोवतीचीच झाडं रंगवली.

हान्स हायसन याच्या अगदी उलट. साउथ ऑस्ट्रेलियात हानडॉर्फला द सीडर्स ही जागा त्याने १९१२ मध्ये घेतली आणि १९६८ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. एकेक गम माणसाचं पोर्ट्रेट करावं तसा रंगवला. समोरून येणारा उजेड ही त्याची खास आवड. निसर्गचित्रांसाठीचं विन प्राइझ नऊ वेळा मिळालं. खोड कसं रंगवावं ते त्याच्याकडून शिकावं. पानांसाठी मात्र मी विल्यम्सकडेच जाईन.

पिवळी_जर्द

सगळे पुरुष चित्रकारच आठवले का काकांना? :)

अबोली, तुमच्याच ट्रेन लाइनवर टुरामुराला ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ राहत होत्या. आयुष्याचा बहुतेक काळ एकच घर. वडिलांनी बागेत लहानसा स्टुडिओ बांधून दिला होता. बाग, घराच्या खोल्या, पलीकडची झाडी, एवढ्यावर त्यांचं भागलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या आधुनिक चित्रकलेत त्यांचं नाव पहिल्या रांगेत आहे. छोटे चौकोनी फटकारे, एकमेकांना चिकटलेले पण न मिसळलेले, आणि मधून पिवळा. खोलीत कपाटाचा आरसा, आरशात उघडं दार, दारातून बाग: असं त्यांचं १९५५ चं एक चित्र आहे. आत-बाहेर हा भेदच उरत नाही, कारण पलंगाची चादर आणि बाहेरचं झाड एकाच फटकाऱ्यांनी रंगवलंय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं म्हणणं असं: तुम्ही बाग एका हाताने रंगवता आणि रान दुसऱ्या. बागेत पाकळी न् पाकळी, रानात मोठा ब्रश घेऊन वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात. भांडण तिथे आहे, विषयात नाही. संपूर्ण चित्र एकाच ब्रशने करून बघा.

मार्गारेट प्रेस्टन तर तुमच्या आणखी जवळ. १९३२ ते १९३९ बेरोरालाच राहत होत्या. बँक्सिया, वराटा अशा इथल्या देशी फुलांचे त्यांचे वुडकट (लाकडी ठशांची चित्रं) बघा. पुढच्या काळातल्या निसर्गचित्रांत मातकट रंग आणि जाड काळ्या रेघा आहेत. आदिवासी कलेतून त्यांनी बिनदिक्कत उचललं, त्यावर आज टीका होते आणि ती रास्तच आहे. पण हिरव्याशिवाय रान होतं हे त्यांच्याकडून कळतं.

आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. यांच्यातलं काही ना काही भिंतीवर असतं.

विसोबा

मी जरा वेगळं बोलतो. एकत्र आणायचा अट्टहास कशाला? कॅमेलिया मूळचा चीन-जपानकडचा, जॅकरँडा दक्षिण अमेरिकेतला, समोर लाखो वर्षांचं रान. ते एकमेकांत मिसळत नाहीत हेच तिथलं सत्य आहे. कुंपण लपवू नका, कुंपणच रंगवा. कलरबाँडचं पत्र्याचं असेल तर अजून छान: झाडांच्या मध्ये एक सपाट, कोरी पट्टी. कुठल्याही निसर्गचित्रात तो टोन मिळणार नाही.

अबोली_

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी फायर ट्रेलवर जाऊन बसले, उत्तरेकडे तोंड करून. काका, पहिल्यांदा डोळेच दिपले. टोपीची कड खाली ओढून, डोळे बारीक करून बघितल्यावर खोडं मोजून पाच दिसली, बाकी सगळं उजेडाची चाळण. अँगोफोरा आहे! कुंपणाला अगदी खेटून, आणि एक वळी जुन्या तारेला गिळून बसलीय. तार एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, मधे फुगलेलं गुलाबी खोड. तेच मधोमध घेतलं. कुंपण पत्र्याचं नाही विसोबा, लाकडी फळ्यांचं आहे, पण फळ्यांच्या फटींतून अझेलियाचे गुलाबी तुकडे दिसतात, ते तसेच उभ्या रेघांत ठेवले. पानं अर्ध्या इंची चपट्या ब्रशने केली, बागेतली आणि रानातली दोन्ही.

पानं अजून लोकरीसारखी दिसतात. झुपका आणि आभाळ यांच्यामधली कड मला जमत नाही, आणि वाऱ्याने ग्वाश पॅलेटवरच कडक होतोय. यावर काही?

जुना_ईझल

पॅलेटला ओल्या स्पंजचं अस्तर दे, वर बेकिंग पेपर. रंग तासन्‌तास ओला राहतो.

कडेचं म्हणशील तर झुपका आधी सलग भर आणि मग आभाळाच्या रंगाने त्यात भोकं पाड. भोकांतलं आभाळ उघड्या आभाळापेक्षा किंचित गडद ठेव, नाहीतर ती कागदाला पडलेली छिद्रं वाटतील. भोकं गोल नकोत. पानं लोंबतात, तेव्हा भोकंही उभट, खाली निमुळती. आणि सगळ्या झुपक्यांना पाडू नकोस, तारेच्या वरच्या दोन-तीनच झुपक्यांना पाड.

भटकी_मांजर

आता तरी फोटो टाका हो!