पुस्तक सुचवा: भाची १६ वर्षांची, घरात नुकतंच मरण पाहिलेली

रेशीमबागची मावशी
मार्चमध्ये माझे वडील गेले. भाची त्यांच्याच घरात वाढलेली, दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात हे झालं. ती रडली नाही. पण आता ताई स्कूटी काढायला लागली की ही चावी लपवते. रात्री उठून आजीचा श्वास चालू आहे ना ते बघते. मैत्रिणीने तिला 'दे बोथ डाय अॅट द एंड' हे पुस्तक सांगितलंय. ताई म्हणते, घरात आत्ताच मर्तिक झालं, त्यात हे कशाला? कुणी वाचलंय का? दुसरं काही असेल तर तेही सांगा. इंग्रजी चालेल, मराठी असेल तर उत्तमच.

उंटखान्याचा वाचक
मी वाचलंय. अॅडम सिल्वेराचं, २०१७ चं. त्यातल्या जगात ज्याचा शेवटचा दिवस आहे त्याला मध्यरात्रीनंतर फोन येतो: आज तुम्ही जाणार. कसे, किती वाजता, ते सांगत नाहीत. मातेओ १८ चा, रुफस १७ चा. दोघांनाही एकाच रात्री फोन येतो आणि एका अॅपवरून ते भेटतात, शेवटच्या दिवसाला सोबत म्हणून. शेवट नावातच सांगून टाकलाय, त्यामुळे काय होणार याची धाकधूक नाही. 'मग आता दिवसभर करायचं काय' एवढंच उरतं.

तुमच्या भाचीचं वाचून मला मातेओच आठवला. तो आयुष्यभर भीतीपोटी घरात बसलेला मुलगा. फोन आल्यावरही आधी दाराबाहेर पडायला तयार नसतो. शिव्या आहेत, दोन मुलांचं प्रेम आहे. सोळा वर्षांच्या मुलीला त्यात नवल नाही, तिच्या आईला असेल. मधला भाग थोडा लांबलाय, ही माझी तक्रार.

तर्रीबाज
पोट्टीले बाहेर काढा जी. पुस्तकं कायले देऊन राहिले? संध्याकाळी फुटाळा तलावावर न्या, कुल्फी खाऊ घाला.

रेशीमबागची मावशी
नेलं होतं भाऊ. पूर्ण वेळ आजीला फोन करत होती.

निवृत्त ग्रंथपाल
३१ वर्षं शाळेच्या वाचनालयात काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

घरात मरण झालं की लोक मुलांना धीराची पुस्तकं देतात. मुलं ती परत आणून टेबलावर ठेवतात, पानंही न उघडलेली. त्यांना धीर नको असतो. मनात जे आलं ते येणं पाप नाही, एवढं कुणीतरी म्हणायला हवं असतं. त्यासाठी पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स' द्या. २०११ चं आहे. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती २००७ मध्ये कॅन्सरने गेली, कादंबरी लिहायची राहिली, ती नेसने लिहिली. कॉनरची आई आजारी आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी खिडकीशी यू जातीचं झाड राक्षस होऊन येतं. तीन गोष्टी मी सांगतो, चौथी तू सांगायची, म्हणतं. ती चौथी गोष्ट कॉनरला का सांगवत नाही, ते इथे लिहीत नाही. पण ज्या घरात लांबलेलं आजारपण झालंय, तिथल्या प्रत्येकाकडे तशी एक गोष्ट असते. चित्रं जिम के यांची. चित्रांची आवृत्तीच घ्या.

मराठीत प्रकाश नारायण संतांचं 'झुंबर'. लंपन नावाच्या मुलाच्या चार पुस्तकांतलं शेवटचं. ते थेट देऊ नका, आधी 'वनवास' वाचू द्या. लंपनशी गट्टी झाल्यावरच त्याच्या वडिलांचं जाणं कळतं.

आणि वाचून झाल्यावर 'काय शिकलीस' असं विचारू नका.

अजनीकर
इतकं परदेशी काहून? कठोपनिषदातला नचिकेत आहे की. पोरगा थेट यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि मेल्यावर काय होतं ते विचारतो.

निवृत्त ग्रंथपाल
गोष्ट सुंदर आहे. पण नचिकेत घाबरत नाही हो. या मुलीला सध्या घाबरणारा सोबती पाहिजे. त्यापेक्षा बुद्धाच्या गोष्टीतली किसा गोतमी जवळची: मेलेलं बाळ कडेवर घेऊन दारोदार फिरते, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथली मोहरी मागत. दीक्षाभूमीच्या स्टॉलवर त्या गोष्टीच्या लहान पुस्तिका मिळायच्या, मी दरवर्षी घ्यायचो.

मावशी, एक विचारू? गेले ते तुमचेही वडील. तुम्ही काय वाचताय?

रेशीमबागची मावशी
काही नाही. बँकेचे कागद.

निवृत्त ग्रंथपाल
मग 'झुंबर' तुमच्यासाठी.

रेशीमबागची मावशी
(दोन आठवड्यांनी)
मातेओ-रुफसचं पुस्तक दिलं. ताईला आधी मी वाचून दाखवते म्हटलं, ती चिडली, मग स्वतःच लपून वाचायला लागली. आता घरात एक प्रत आणि दोन बुकमार्क.

काल दुपारी ४५ अंश, वीज गेलेली. भाचीने विचारलं, "मावशी, आबांना तसा फोन आला असता तर त्यांनी काय केलं असतं?" मी म्हटलं, कूलरच्या ताट्या बदलल्या असत्या. दर वर्षी एप्रिल लागायच्या आत तेच बदलायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. यंदा जुन्याच आहेत, खाली पाणी गळतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ती हसली, आणि मग खूप वेळ रडली. मीपण.

संध्याकाळी ताईच्या मागे स्कूटीवर बसून बर्डीच्या बाजारात गेली, वाळ्याच्या ताट्या आणल्या. मापात चुकल्यात, दोन इंच मोठ्या. 'वनवास' कुठे मिळेल ते सांगा, झाशी राणी चौकाच्या आसपास असेल तर बरं, ताट्या बदलायला तसंही जायचंच आहे.