घरात सहा माणसं, वर्षाला दहा हजार किमी: पेट्रोल घेऊ की डिझेल?

राजापूरकर_पुण्यात
मंडळी, गाडी बदलायचं ठरलंय आणि घरात दोन तट पडलेत. आम्ही सहा जण, मी, बायको, दोन मुलं (११ आणि ६) आणि आई-बाबा. आत्ताच्या हॅचबॅकमधून गावी जाताना धाकटा आईच्या मांडीवर बसतो, ते मला आता बंदच करायचंय, जरा जोरात ब्रेक दाबला की काळजात धस्स होतं. त्यामुळे सात सीटर नक्की. बजेट ऑनरोड १८ लाखांपर्यंत, एर्टिगा आणि कॅरेन्स बघून झाल्यात.
वापर सांगतो. रोज ऑफिस जाऊन-येऊन १८ किमी, सगळं सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून. वर्षातून चार वेळा राजापूर, कराडवरून कोकरूड-मलकापूर करत अणुस्कुरा घाट उतरतो. सगळं धरून दहा हजार, फार तर बारा. बाबा म्हणतात माणसं भरलेली, त्यात घाट, डिझेलशिवाय विचारच करू नको. मला पेट्रोल बरं वाटतंय पण छातीठोक सांगता येत नाहीये.

घाटवाला
बाबांचं ऐका दादा. माझ्याकडे २०१६ ची एर्टिगा डिझेल आहे, तेच जुनं १.३ लिटरचं इंजिन, १ लाख ६० हजार झालेत आणि अजून मक्खन चालते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. आता मे महिन्यातला परतीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा, सहा माणसं, एसी चालू, मागे आंब्याच्या पेट्या, आणि अणुस्कुऱ्याच्या वळणावर पुढे वाळूचा ट्रक. माझी २०० एनएम टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) देते आणि तो सगळा खालच्या आरपीएमला (इंजिनाचे फेरे कमी असतानाच), तिसऱ्यात नुसतं पायाने सांगितलं की गाडी निघते. आत्ताच्या पेट्रोल एर्टिगाचा टॉर्क १३७ च्या आसपास आणि तोही ४४०० आरपीएमला. म्हणजे दुसरा टाकायचा, इंजिन बोंबलत ठेवायचं आणि तरी ट्रकच्या मागेच राहायचं.

हिशेबी_माणूस
घाटवाला साहेब, घाट वर्षातून आठ वेळा, सिंहगड रोड तीनशे दिवस. मी आकडे मांडतो, चुकत असेल तर सांगा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरलंय, सरासरी लिटरला किमी पेट्रोलला १३, डिझेलला १७. बारा हजार किमीला पेट्रोलचे सुमारे ९६ हजार लागतात, डिझेलचे ६४. म्हणजे वर्षाला बचत ३२ हजार. डिझेल मॉडेल दीडेक लाखाने महाग, त्यात महाराष्ट्रात रोड टॅक्स डिझेलला दोन टक्के जास्त (१० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोल १२, डिझेल १४), म्हणजे ऑनरोड फरक १ लाख ८० हजारांच्या घरात जातो. वसूल व्हायला साडेपाच वर्षं, आणि कर्जाचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. वर्षाला वीस हजार चालली तर मात्र साडेतीन वर्षांत पैसे निघतात, तेव्हा मी स्वतः डिझेल घ्या म्हणेन.

कात्रजचा_गणेशभक्त
पैशाचं बाजूला ठेवा, मी डीपीएफचं सांगतो कारण मी ते भोगलंय. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाचा नवा नियम) डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तोच डीपीएफ. ती काजळी जाळायला (यालाच रीजनरेशन म्हणतात) फिल्टर प्रचंड तापावा लागतो, आणि तो तापतो कधी, तर गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या स्पीडला पळाली की. माझं ऑफिस सात किमी, इंजिन धड गरम व्हायच्या आत पार्किंग. रीजनरेशन सुरू व्हायचं आणि मी चावी काढायचो, गाडी बंद तरी रेडिएटरचा पंखा घूं घूं करत फिरतोय, बोनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास. मला वाटलं काहीतरी जळलं. दिवा लागला, सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप लावून जाळून दिलं, अडीच महिन्यांनी परत तेच. मग एक दिवस डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या पण वर! आधी कळेना, नंतर कळलं की अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमधलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. गाडी विकताना एकानेही मला विचारलं नव्हतं की रोज किती चालवणार. म्हणून इथे तळमळीने लिहितोय, तुमचं रोजचं नऊ किमी जायचं आणि नऊ यायचं असेल तर नवीन डिझेल घेऊ नका.

घाटवाला
त्रास झाला हे वाईटच, पण यावर उपाय इतका साधा आहे की दर रविवारी खेड शिवापूरपर्यंत गाडी पळवून आणायची, तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये दोन हजाराच्या वर आरपीएम ठेवून. फिल्टर साफ.

कात्रजचा_गणेशभक्त
आणि ज्या रविवारी आईला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा? गाडी आपल्यासाठी असावी हो, दर आठवड्याला तिलाच व्यायामाला नेणं मला नाही जमलं.

विदर्भातून
दहा वर्षांनी डिझेल भंगारात जाते ही भीती कोणी घालत असेल तर तो दिल्ली-एनसीआरचा नियम आहे. आपल्याकडे १५ वर्षं, मग पासिंग करून आणि पर्यावरण कर भरून पुढे पाच वर्षं. आणि हिशेबी भाऊ, पेट्रोलला १३ धरलंत ते जरा जास्त वाटतंय. आता पंपावर २० टक्के इथेनॉल येतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. गच्च ट्रॅफिकमध्ये ११ धरून परत मांडा.

हिशेबी_माणूस
मांडलं. ११ धरलं तर बचत ४९ हजारांवर जाते आणि फरक चार वर्षांच्या आत निघतो. हा मुद्दा मान्य, मी तेवढा धरला नव्हता. पण डीपीएफचं उत्तर त्यात नाही.

माहेर_चिपळूण
दादा, इंजिनावर एवढं बोलणं झालं पण तिसऱ्या रांगेत कोण बसणार ते तुम्ही लिहिलंच नाही. आमच्याकडे सासूबाई बसल्या होत्या. फरशी उंच, सीट खाली, गुडघे छातीशी. मधली सीट पुढे ढकलून आत शिरताना त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की मला तिथेच कळलं आपण चुकलो. आई-बाबांना मधेच बसवा आणि मागे मुलं. धाकट्याला बूस्टर लागेल, तेव्हा मागच्या सीटला तीन पॉइंटचा बेल्ट नीट लागतो का ते स्वतः लावून बघा. आणि तिसरी रांग उघडी ठेवली की एर्टिगाची डिकी २०९ लिटर, दोन बॅगा आणि एक पिशवी. आंबे-फणस कॅरियरवर. सीएनजी तर नकोच, सिलेंडर त्याच जागेत बसतो.

राजापूरकर_पुण्यात
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती म्हणाली बघ, गुडघ्याचं कोणी बोललं एकदाचं. काल सगळ्यांना घेऊनच शोरूमला गेलो. मुलं मागे, आई-बाबा मधे, आणि कॅरेन्सचं टर्बो पेट्रोल कात्रज घाटात चालवलं. २५३ एनएम आणि तोही १५०० आरपीएमपासून, म्हणजे कॅरेन्स डिझेलच्या २५० च्या बरोबरीने. चढावर बाबा गप्प बसून होते, बोगदा आल्यावर म्हणाले, "ओढते रे." मायलेज ट्रॅफिकमध्ये दहाच्या आसपास पडेल हे दिसतंय, ते मी मनात धरलंय. डिझेल नाही घेत.

घाटवाला
टर्बो पेट्रोल असेल तर घाटाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, पण दहाच्या मायलेजला नाही. गावच्या फेऱ्या चाराच्या आठ झाल्या, बाबांची तब्येत, शेताची कामं, हे वाढतंच, की तुमचे बारा हजार सहज पंधराच्या घरात जातील. सही करायच्या आधी एकदा बाबांना विचारा की पुढच्या पाच वर्षांत त्यांचा गावी राहायचा विचार आहे का.

राजापूरकर_पुण्यात
हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. आज रात्री जेवताना विचारतो. बुकिंगचे पैसे शनिवारी भरायचेत.