मॅसी ३५ घ्यावा का? रंग ताजा आहे, म्हणूनच शंका येतेय

काळी_ढेकळं:
मॅसी फर्ग्युसन ३५ हा जुना ट्रॅक्टर बघायला जायचंय. मालक म्हणतो पर्किन्स कंपनीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे आणि इंजिनचं काम नुकतंच झालंय. रंग कोरा, टायर निम्मे. मला रोटाव्हेटर, ट्रॉली आणि थोडी नांगरट करायची आहे. मेकॅनिक बरोबर नसेल. दोन तासांत काय तपासावं आणि कशावर सौदा मोडावा?

तेलकट_पाना:
तुम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, हे आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी या, कारण गरम इंजिन कमी कॉम्प्रेशन झाकतं.

गार असतानाच डिपस्टिक काढा. तेल खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा डायफ्राम फाटलाय किंवा डिझेल पंपाचं सील गेलंय. मग चेंबरचा (इंजिनच्या तळाशी तेल साठतं तो भाग) ड्रेन बोल्ट अगदी सावकाश ढिला करा, पूर्ण काढू नका. रात्रभर उभ्या इंजिनात पाणी तळाला बसतं, त्यामुळे असेल तर तेलाआधी तेच ठिबकतं. नंतर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेलंय, नाहीतर हेडला तडा आहे.

पांढरा धूर मिनिटभरात गेला तर चालेल. काळ्याला फार घाबरू नका. बहुतेक वेळा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा चोंदलेला एअर क्लीनर निघतो. निळा मात्र तेल जळल्याचा. "इंजिनचं काम झालंय" याची परीक्षा तेल भरायच्या झाकणाशी होते: चालू इंजिनवर ते काढा. भकाभका धूर बाहेर येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेले आहेत, कामाच्या नावाखाली फक्त रंग झालाय.

ऑइल प्रेशर गार असताना सगळेच छान दाखवतात. अर्धा तास ओढकाम करून मग बघा. गरम इंजिन, पूर्ण रेस आणि काटा ३० पीएसआयच्या खाली, म्हणजे क्रँकची बेअरिंग तपासायची वेळ आली. डॅशबोर्डच्या मीटरवर विश्वास नको, जमलं तर आपलं मेकॅनिकल गेज लावा.

मागचं_हाउसिंग:
वरचं सगळं बरोबर, पण लोक इंजिनवरच अडकतात. इंजिन उघड्यावर असतं, सुटे भाग मिळतात. ३५ मध्ये खरी डोकेदुखी मधे आणि मागे असते. नुसती क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध सुटा करावा लागतो.

रोटाव्हेटर चालवायचा असेल तर डबल क्लच आहे की सिंगल, हा पहिला प्रश्न. पीटीओ (औजाराला फिरकी देणारा मागचा शाफ्ट) लावा, गिअर टाका, क्लच अर्धा दाबा. ट्रॅक्टर थांबून पीटीओ फिरत राहिला आणि पूर्ण दाबल्यावर तोही थांबला, तर डबल आहे आणि जुळवणीही ठीक आहे. सिंगल असेल तर क्लच दाबताक्षणी रोटाव्हेटर थांबतो, शिवाय हायड्रॉलिक पंपही त्याच फिरकीवर असल्याने औजार उचलणारी लिफ्टही तिथेच अडते. तुमच्या कामाला सिंगल घेऊ नका. (शाफ्ट फिरत असताना सैल कपडे लांब.)

गिअर सहा पुढचे, दोन मागचे. प्रत्येक गिअरमध्ये उतारावर रेस सोडून बघा. गिअर उडी मारून न्यूट्रलला येत असेल तर दात किंवा फोर्क झिजलाय. सपाटीवर हे कळत नाही.

लिफ्टला जड औजार लावून वर उचला. इंजिन चालू असताना औजार सारखं मान हलवल्यासारखं खाली-वर होत असेल, तर आत तेल गळतंय आणि पंप ते भरून काढतोय. इंजिन बंद केल्यावर सावकाश खाली येणं या वयात चालतं, पण मिनिटभरात टेकलं तर सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलाय. औजाराखाली पाय नको.

चार_नोझल:
आधी नोझल मोजा. तीन म्हणजे पर्किन्स. चार असतील आणि डिझेल असेल तर जुनं स्टँडर्ड २३सी इंजिन, ते थंडीत चालू व्हायला कुप्रसिद्ध.

पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा, किंगपिनचे बुश आणि मधली पिन तिथेच बोलतात. मागच्या रिमला आतून तेलाचे ओघळ म्हणजे हाफ शाफ्टचं सील गेलं, आणि ते तेल ब्रेकवर पोचलेलं असतं. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्हच्या भोवती रिम खरवडा, नव्या रंगाखाली गंजाचे पापुद्रे सापडतात. पुढे कधी लोडर लावलेला असेल तर फ्रंट सपोर्टवर वेल्डिंगच्या खुणा शोधा. तास मीटर खोटा असू शकतो, पेडलची झीज नाही.

काळी_ढेकळं:
गिअरबॉक्सचं तेल दुधाळ निघालं तर सोडून द्यायचा का?

मागचं_हाउसिंग:
त्यासाठी नाही. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी तिथूनच उतरतं. मात्र तेच तेल लिफ्टलाही लागतं, म्हणून पंप आणि व्हॉल्व्ह गंजलेत का ते बघायला हवं. लिफ्ट वर सांगितलेल्या परीक्षेत टिकली तर तेल काढा, डिझेलने धुवा, नवं भरा, रबर बदला. दुधाळ तेल आणि मान हलवणारी लिफ्ट दोन्ही एकत्र दिसलं, तर परत फिरा.